एकट्या माणसाची शिळी भाकरी

साठी उलटल्यावर माणसानं कशाचा हेवा करावा? कुणाच्या पेन्शनचा, कुणाच्या न दुखणाऱ्या गुडघ्यांचा, फार तर कुणाच्या रोज फोन करणाऱ्या मुलाचा. मी एका जेवणाच्या डब्याचा केला. डबाही साधा, स्टीलचा, दोन खणांचा, झाकणाला पोचा आलेला. तो मी प्रत्यक्ष पाहिला तोवर त्याच्यावर दीड महिना जळून झालं होतं.

सरकारी कचेरीत हयात काढून मी निवृत्त झालो तेव्हा बायकोच्या नोकरीची अजून पाच वर्षं बाकी होती. ती कमठाण्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवते. सकाळी साडेआठला ती बिदरच्या आमच्या घरातून निघायची आणि मी पेपर घेऊन बसायचो. दुसऱ्या आठवड्यापासून पेपर नऊलाच संपायला लागला. मग एकदा मी सहज तिचा डबा उघडून बघितला. रात्रीची भाकरी, चटणी आणि कांद्याची एक फोड. इतकी वर्षं ही बाई हेच नेत होती आणि मला पत्ता नव्हता. लाज वाटली असं लिहायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर मला उद्योग सापडला.

भाकरी मला थापता येत नाही. एकदा प्रयत्न केला, तर परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. ताजा स्वयंपाक म्हटला की मी बिचकतो. पण काल शिजलेलं आज पुन्हा उभं करायचं असेल तर माझा हात चालतो. जुन्या फायलींना नवीन कव्हर लावण्यात जन्म गेला, त्याचाच गुण असेल. रात्रीचं वरण उरलं की त्यात ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ, तीळ, ओवा घालून धपाटे. ते ओल्या फडक्यावर थापायचे, म्हणजे पीठ भांडत नाही. खिचडी उरली की तिचे चपटे वडे आणि सोबत तीळ-चिंचेचा खट्टा. भात उरला की दुकानातली शेंगाच्या चटणीची पुडी फोडायची, वर लिंबू पिळायचं. आणि काहीच उरलं नसेल तर किराण्यातले चुरमुरे पाण्यात बुडवून पिळायचे, कांद्या-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याची, म्हणजे फुटाण्याच्या डाळीची, पूड भुरभुरायची. असा सुसला दहा मिनिटांत होतो आणि दुपारपर्यंत गार झाला तरी चवीला कमी पडत नाही.

पण माझं खरं नाव झालं ते खाराच्या भाकरीनं. रात्रीची ज्वारीची भाकरी तळहातात चोळून बारीक चुरायची. कोपऱ्यावरच्या दुकानातलं दह्याचं पाकीट फोडून, पातळ घुसळून त्यात ती भिजवायची, बायकोची आंघोळ होईपर्यंत. मग कढईत साधं तेल नाही घालायचं. विकतच्या आंब्याच्या लोणच्याच्या फोडी संपल्या की बरणीच्या तळाशी जो खार राहतो, तेल आणि मसाला मिळून, जो बायका धुऊन टाकतात, तो घालायचा. तो तापला की मोहरी, दोन सुक्या मिरच्या, ओबडधोबड शेंगदाणे, आणि त्यावर ती भिजलेली भाकरी. बस. ही कृती मी कुणालाही सांगितली नव्हती. आमची शेजारीण गावाबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत गोदामात कामाला जाते. तिनं एकदा जाता जाता वास घेऊन विचारलं, तर मी "सहज केलंय काहीतरी" म्हणून दार ओढून घेतलं.

संध्याकाळी साडेपाचला बायको घरी यायची. चपला काढायच्या आत मी हात पुढे करायचो. डबा रिकामा आहे ना, हे मी तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी बघायचो. मग ती चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि सांगायची.

"आज समद्यांनी दोन-दोन घास ओढले. मला काय बी ऱ्हायलं न्हाई. हेडमास्तर मनायलेत, बाई, तुमचे मालक कामून लौकर रिटायर झाले न्हाईत?"

"मग तू काय खाल्लीस?"

"दुसऱ्यांच्या पोळ्या. बरं, ताक कदी घातलाव आज? फोडणीच्या आदी का नंतर?"

मग मी सांगायचो. भाकरी किती चुरायची, किती भिजली की थांबायचं, खार काळा पडू नये म्हणून आच कशी ठेवायची. ती नीट ऐकायची, मध्ये विचारायची, "हाताला कसं लागलं पायजे?" मी तिला हातवारे करून दाखवायचो. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं रोज अर्धा-अर्धा तास बोलतोय असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पूर्वी बोलणं म्हणजे गॅस, फी, नातेवाइकांची लग्नं. आता एका शिळ्या भाकरीवरून तिला माझ्याबद्दल काहीतरी जाणून घ्यायचं होतं. दिवसभर मी त्या अर्ध्या तासासाठी जगायचो म्हटलं तरी चालेल.

दसरा झाला आणि त्यांच्या शाळेत गणिताचे एक सर बदलून आले. राहायला बिदरमध्येच, आधी औरादकडच्या शाळेत होते. घरी कन्नड बोलणारे, पण मराठी आमच्यासारखंच. "एकटेच ऱ्हात्यात," असं बायको म्हणाली. मी पुढं काही विचारलं नाही. बाकी मंडळी कलबुर्गीला असतील, नोकरीमुळे हे इकडे असतील, असं मी धरून चाललो. सुरुवातीला हे सर डब्यात पावाचे तुकडे आणि केळं आणायचे म्हणे. मी हसलो. मला त्यांची कीव आली, आणि कीव येण्यात एक सुख असतं, तेही मी घेतलं.

महिनाभरात बातम्या बदलल्या.

"आज सरांनी धपाटे आणलते. लई मऊ."

"आज सरांचा सुसला असा मोकळा झालता बगा, एक एक दाणा येगळा."

"आज सरांनी शिळ्या भाकरीचं कायतरी केलतं. समदे त्यांच्याच डब्यावर."

शेवटच्या वाक्याला मी हातातला कप खाली ठेवला. मी शांतपणे विचारलं, "काय केलतं?" ती म्हणाली, "असंच, तुमच्यावानी." आणि उठून कपडे बदलायला गेली. तुमच्यावानी! तेहतीस वर्षं संसार केलेल्या बाईनं हा शब्द किती सहज वापरला.  ज्या माणसाचं तोंड मी बघितलं नव्हतं, तो माझ्या बायकोच्या स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीवर बसला होता, आणि मला तर तिथं खुर्चीच नव्हती.

मी चढाओढीला लागलो. खरं तर तिथंच घसरलो, पण जळणाऱ्याला पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. काजू आणले, पनीर आणलं, सुपरमार्केटमधून पांढऱ्या सॉसची बाटली आणली. शिळ्या पोळ्यांचे नूडल्स केले. खिचडीच्या वड्यांवर चीज किसलं. कालच्या वांग्याच्या भाजीवर पिझ्झ्याचा मसाला मारला, ते तर मलाही गिळवलं नाही. पहिल्यांदाच डबा अर्धा भरलेला परत आला. डबा बेसिनमध्ये ठेवताना बायकोनं नळ जरा जास्तच मोठा सोडला.

आणि मग एका सकाळी, भाकरी चुरताना, माझ्या डोक्यात तो प्रश्न शिरला. हा माणूस एकटा राहतो. पावावर जगणारा माणूस, म्हणजे त्याला काही भाकरी थापता येत नसणार. आणि एकट्या माणसाच्या घरी रोज शिळी भाकरी उरतेच कशी? एकटा माणूस लागेल तेवढं आणतो, लागेल तेवढं खातो. उरायला घरात आणखी कुणीतरी लागतं. मग ह्याच्याकडे शिळं येतं कुठून?

उत्तर मला लगेच मिळालं, कारण मला ते हवंच होतं. आमच्या घरून.

बायको रोज संध्याकाळी सहा भाकऱ्या करते. दोन तिच्या, दोन माझ्या, दोन सकाळच्या डब्यासाठी. मी मोजायला लागलो. जेवण झाल्यावर पाणी प्यायच्या निमित्तानं जाऊन टोपली उघडायची, सकाळी पुन्हा उघडायची. रात्री दोन, सकाळी दोन. आठवडाभर दोनच्या दोन. आकडा जुळत होता, आणि जुळतोय हे बघून मला अजून राग यायचा. पीठच जास्त भिजवत असेल, मी फिरायला गेलो की थापत असेल, असं मी मनाशी म्हणायचो. एकदा पिठाच्या डब्यात बोट घालून खूण करून ठेवली. निवृत्त कारकून घरात मोकळा सोडला की काय होतं, ते हे.

शेवटी एका संध्याकाळी ती त्या सरांच्या वड्यांचं सांगत असताना माझं तोंड सुटलं.

"एवढंच आवडायलंय तर त्यांच्याच डब्यात जेवत जा की."

तिनं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि स्टुलावरून उठली. त्यानंतर चार दिवस ती आली की सरळ आतल्या खोलीत जायची. डबा धुऊन पालथा घालायची. डब्यात काय होतं, कुणी खाल्लं, ताक आधी का नंतर, काही नाही. मी स्वयंपाकघरात उगीच भांडी हलवत उभा राहायचो. माझा अर्धा तास गेला होता, आणि तो त्या माणसानं नेला असं मी धरून बसलो होतो.

त्यातच येळवस आली. मार्गशीर्षातल्या ह्या अमावास्येला आमच्याकडे घरी कुणी राहत नाही, सगळे शेतावर. आम्ही संतपूरला माझ्या मेव्हण्याच्या शेतात गेलो. तुरी, हरभरा, वाटाणा, असतील नसतील त्या पालेभाज्या, सगळं एका मोठ्या भांड्यात शिजवून बेसन लावलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गाडग्यातलं गार आंबील. भज्जी नेहमी इतकी करतात की पन्नास माणसं जेवूनही उरते. निघताना प्रत्येकाच्या हातात एक डबा. मेव्हण्याच्या बायकोनं आमच्या डब्यात वरपर्यंत भज्जी भरली आणि म्हणाली, "उद्या लई लागती, अण्णा. आजच्यापेक्षा उद्याच."

ते मला ठाऊक होतं. जन्म ह्याच मुलखात गेला. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणी ताजं जेवण आणत नाही. प्रत्येकाच्या घरची, प्रत्येकाच्या शेतातली उरलेली भज्जी येते आणि सगळे डबे एका पातेल्यात ओततात. कुणाची तिखट, कुणाची आंबट, कुणाच्यात चिंच जास्त. ती एकत्र गरम करून खायची. चाळीस वर्षं मी हे केलं होतं. पण त्या सकाळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त त्या सरांचा डबा होता, तोवर न पाहिलेला. आज सगळ्यांच्या डब्यात भज्जीच असणार, मग माझ्या बायकोचा डबा वेगळा कसा दिसणार? मी भज्जी फडक्यात बांधून पिळली. त्यात बटाटा कुस्करला. ब्रेडचा चुरा लावला आणि बारा कटलेट तळले, टोमॅटोच्या सॉसची पुडीसुद्धा ठेवली. आणि बायको वेणी घालत असताना तिच्या पर्समधला वाचायचा चष्मा काढून फ्रिजवर ठेवला. म्हणजे दुपारी मला शाळेत जायला कारण राहील.

हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

बरोबर एक वाजता मी स्कूटर शाळेच्या फाटकात लावली. स्टाफरूमच्या टेबलावर पेपर पसरले होते, मध्ये शेगडी, शेगडीवर पातेलं, आणि सात-आठ जण भोवती. हेडमास्तरांनी मला बघून हात वर केले. "यावा, यावा! डब्बेवाले सर आले!" बायकोनं माझ्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं, हे मला कळलं.

पातेल्यात सगळ्यांची भज्जी पडली होती. माझ्या बायकोचा डबा मात्र उघडा, बाजूला. बारा कटलेट, जसे होते तसे. ओतणार काय? कटलेट? एका बाईंनी माझी बाजू सावरून घ्यायला एक उचलला आणि म्हणाल्या, "चांगले हायत की." दुसरा कुणी उचलला नाही. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी भज्जी पिळून तिचे कटलेट करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा.

टेबलाच्या टोकाला एक सडपातळ गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, बाहीला खडूची धूळ. त्यांच्यापुढे स्टीलचा दोन खणांचा डबा, झाकणाला पोचा. शेत नसल्यामुळे त्यांच्याकडे भज्जी नव्हती, ते रोजचंच घेऊन आले होते. त्यांनी उठून मला नमस्कार केला, आपली खुर्ची दिली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "घ्या सर. तुमी तर पैल्यांदा आलाव."

मी एक घास घेतला. ताक, सुकी मिरची, ओबडधोबड शेंगदाणे, आणि मागून हळूच येणारा आंब्याच्या लोणच्याचा खार.

माझी भाकरी होती. आणि माझ्यापेक्षा चांगली होती. मी खार तापवताना घाई करतो, ह्या माणसानं केली नव्हती. घास तोंडात होता आणि माझ्या डोक्यात गेला एक महिना उलटा फिरत होता. ताक कधी घातलंत, आधी का नंतर? हाताला कसं लागलं पाहिजे? ती मला नव्हती विचारत. ती ह्याच्यासाठी विचारत होती. माझा अर्धा तास ती दुसऱ्या दिवशी इथं आणून ह्या टेबलावर ओतत होती. मग भाकरीसुद्धा तीच आणत असणार, आता तर शंकाच उरली नाही.

"छान," मी म्हणालो. डबा त्यांच्याकडे परत सरकवला. "एकच इचारू का सर? एकटे ऱ्हाताव तुमी. एकट्याच्या घरात रोज शिळी भाकरी उरती कशी? कुठून येती?"

हेडमास्तरांचा हात डावावरच थांबला. बायकोनं मान खाली घातली. सरांनी मात्र प्रश्न सरळ घेतला, वर्गात एखाद्यानं हात वर केल्यावर घ्यावा तसा.

"व्हय, एकट्याचं उरत न्हाई सर," ते म्हणाले. "बस्टँडापुढं एक अक्का भाकऱ्या इकत्यात, तुमाला ठावं असंल. घरवालीला दुखण्यात थापायला जमंना, तवापासून म्या तिथून चार आणायचो. दोन तिला, दोन मला. ती गेली, त्याला दोन साल झाले. अक्काला अजून सांगितलंच न्हाई म्या. मला लांबून बगितलं की त्या चार बांधून ठेवत्यात. आता कसं सांगायचं, दोनच द्या मनून? दोन म्या खातो. दोन तशाच ऱ्हात्यात."

ते थोडं थांबले आणि डब्याचं झाकण उगीच फिरवत राहिले.

"टाकायला हात उचलंना. फ्रिजात ठेवत गेलो, लईच जुन्या झाल्या की गाईला. फ्रिज भरून गेलता सर भाकऱ्यांनी, आन म्या हितं पाव खायलतो. बाईंना एकदा सांगितलो. मग त्यांनी हे शिकिवलं. तुमचंच हाय मनाले. लई उपकार झाले बगा."

मी तो डबा पुन्हा माझ्याकडे ओढला आणि आणखी एक घास घेतला.  हेडमास्तर खाकरले आणि पातेल्यात डाव फिरवायला लागले. कुणीतरी सरांचा रिकामा झालेला खण ओढून घेतला आणि त्यात काठोकाठ भज्जी भरली, साऱ्या घरांची एकत्र. सर "बास, बास" म्हणत राहिले. मी माझे कटलेट त्यांच्या झाकणावर काढून ठेवले. दुसरं काय करणार होतो? त्यांनी एक लगेच खाल्ला आणि चांगला आहे म्हणाले. तो चांगला नव्हता.

शाळा सुटेपर्यंत मी बाहेर लिंबाखाली स्कूटरवर बसून राहिलो. बायको आली, मागे बसली. अर्धा रस्ता सरला. मग मीच म्हणालो,

"तुला ठावं होतं."

"व्हय."

"मग सांगितली कामून न्हाईस?"

"कदी सांगू? तुमी तर टोपलीतल्या भाकऱ्या मोजीत बसलाव. पिठात बोट घालून ठिवलाव. मला दिसत न्हाई वाटलं का?"

मी गाडीचा वेग उगीच कमी केला. "शेजारणीला तुमी दार लावून घेतलाव," ती पुढं म्हणाली. "तुमाला इचारले असते तर तुमी नगंच मनला असताव. खरं हाय का न्हाई?" खरं होतं. मला अजून एक विचारायचं होतं. ते विचारायला कमीपणा वाटत होता, तरी विचारलं.

"म्हणजे रोज चहाच्या टायमाला जे इचारायचीस, ते समदं त्यांच्यासाठी?"

 मागून ट्रक आला, तो तिनं पुढं जाऊ दिला. "पैल्यांदा माझ्यासाठीच इचारलते," ती म्हणाली. "कचेरीतून येऊन तुमी माझ्यासंगं एवडं कदी बोललाव? मग सरांचं कळलं. मग दोघांसाठी इचारू लागले. त्येच्यात तुमचं काय कमी झालं ओ?"

 कमी तर झालं होतं. अजूनही मी हे मान्य करतो की ते अख्खं माझंच असावं असं मला वाटत होतं, आणि वाटतं. एक गोष्ट तर मी तिला आजपर्यंत कबूल केलेली नाही: त्या माणसाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

घरी आल्यावर ती हातपाय धुऊन भाकऱ्या करायला बसली. मी त्या स्टुलावर बसलो, तिच्या जागेवर. तिनं परात पुढे ओढली, पिठात गरम पाणी घातलं, मळायला लागली. मी तिचे हात बघत होतो आणि माझ्या मनात आता त्या सरांचा हेवा नव्हता. त्यांच्या बायकोचा होता. जाऊन दोन वर्षं झालेल्या, मी कधी न पाहिलेल्या त्या बाईचा. तिच्या वाटणीच्या दोन भाकऱ्या अजून रोज संध्याकाळी घरी येतात. माझ्या येतील का?

विचारू नये असं वाटत होतं. विचारलं.

"मी नसलो तर तू किती करशील गं?"

तिनं वर बघितलं नाही. गोळा परातीत ठेवून तो थापायला लागली, हात फिरत राहिला, भाकरी मोठी होत गेली.

"तुमी नसलाव तर मला शिळ्याचं करून कोन घालणार हाय?" ती म्हणाली. "दोनच करीन. ताज्या. तवाच खाऊन टाकीन."

भाकरी तव्यावर पडली. तिनं वरून पाण्याचा हात फिरवला आणि दुसरा गोळा घेतला. मी मोजत राहिलो. तिनं सहा केल्या. आम्ही चार खाल्ल्या.